अकरा गोळ्या: नागीण, थकलेली किडनी आणि चतुर्थीची रात्र

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातून सुरू झालं आणि ज्या चिठ्ठीमुळे ते चिघळलं तिच्यावर सही माझी आहे. घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. औषधांचे डोस, रक्ताचे आकडे आणि घटनांचा क्रम यांना हात लावलेला नाही, कारण सगळा धडा त्यांच्यातच आहे.

पार्श्वभूमी

गोव्याच्या फोंडा तालुक्यातलं कुळागराचं, म्हणजे सुपारीच्या बागेतलं घर. आजी ७४ वर्षांच्या, वजन ४४ किलो. मधुमेह १८ वर्षांचा, रक्तदाब त्याच्याही आधीपासूनचा. रोजच्या गोळ्या दोनच: साखरेसाठी लिनाग्लिप्टिन आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं औषध) एकत्र असलेली एक. लिनाग्लिप्टिन मी सुरू केलेली नव्हती, पणजीच्या एका मधुमेहतज्ज्ञांनी केली होती. या गोळीचा मोठा गुण असा की किडनी अशक्त असली तरी डोस बदलावा लागत नाही. म्हणजे आजींच्या किडनीचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता आणि त्याची खूण रोज त्यांच्या डब्यात होती. मला ती दिसली नाही.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. घर झाडणं, माळ्यावरची भांडी उतरवणं चालू होतं, तेव्हा चमक भरली असं सगळ्यांनी धरलं. मुलाने बाजारातून असेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी आणली. सकाळ-संध्याकाळ एक. चौथ्या दिवशी तिथेच लाल चट्टे आणि त्यावर पाण्याचे फोड उठले, छातीखालून पाठीच्या कण्यापर्यंत पट्टा. वाड्यावरच्या एका बाईने पाहताक्षणी सांगितलं, नागीण. तिने काव उगाळून लावली, मंत्र म्हटला आणि नेहमीची ताकीद दिली: नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळू द्यायचं नाही, मिळालं की माणूस संपला.

या समजुतीत निरीक्षण अचूक आहे, निष्कर्ष तेवढा चुकीचा. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो. म्हातारपणी, मधुमेहात किंवा प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्याच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरलेला असतो, म्हणून पट्टा मध्यरेषेपाशी थांबतो. तोंड-शेपूट सहसा मिळतच नाही. मंत्र म्हणणाऱ्याला यश मिळतं ते त्यामुळे. ही समजूत पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहिलं.

चिठ्ठी

फोड उठल्यावर तिसऱ्या दिवशी नात आजींना घेऊन आली. ७२ तासांच्या आत. मला मनापासून बरं वाटलं, कारण आमच्याकडे नागिणीचे बहुतेक रुग्ण खपल्या धरल्यावर, उरलेल्या दुखण्यासाठी येतात. विषाणूवरच्या गोळ्यांचा खरा उपयोग नवे फोड येत असतानाच असतो. पन्नाशीनंतरच्या माणसाला त्या द्यायलाच हव्यात, याबद्दल तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

मी लिहिलं: व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी प्रिगॅबॅलिन ७५ मिलिग्रॅम, दोनदा. दुखलं तर पॅरासिटामॉल.

असायक्लोव्हिर न देता व्हॅलासायक्लोव्हिर का, यामागे विचार होता. असायक्लोव्हिर नागिणीसाठी ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते आणि तोंडाने घेतलेल्या गोळीतला जेमतेम पाचवा हिस्सा, कधी त्याहून कमी, रक्तात पोचतो. व्हॅलासायक्लोव्हिर म्हणजे तीच असायक्लोव्हिर, व्हॅलिन या अमिनो आम्लाचं शेपूट जोडलेली. हे शेपूट आतड्यातून आत शिरायला मदत करतं, आत गेल्यावर गळून पडतं आणि निम्म्याहून थोडं जास्त औषध रक्ताला मिळतं. तीन वेळा घ्यायची गोळी म्हातारं माणूस घेतं, पाच वेळांची चुकवतं. इथवर हिशेब ठीक होता.

या औषधाच्या सुरक्षिततेवरचा डॉक्टरांचा विश्वासही उगाच नाही. असायक्लोव्हिर शरीरात निष्क्रिय रूपात फिरते. तिला चालना देणारं पहिलं पाऊल, म्हणजे फॉस्फेटचा पहिला गट जोडणं, मुख्यतः विषाणूचं स्वतःचं थायमिडिन कायनेज नावाचं विकर करतं. पुढचे दोन गट आपली पेशी जोडते, आणि तयार झालेला रेणू विषाणूच्या डीएनएच्या साखळीत शिरून तिची वाढ तिथेच थांबवतो. विषाणू नसलेल्या पेशीत हे पहिलं पाऊलच जवळजवळ पडत नाही. घराला हात न लावता फक्त चोराला धरणारं औषध, असं आम्ही शिकलो. ज्या प्रयोगशाळेतून ते आलं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल पारितोषिक औषधशोधाच्या अशाच तत्त्वांसाठी मिळालं.

पण चोर पकडून झाल्यावर औषध शरीराबाहेर जातं ते जवळपास सगळं किडनीवाटे. किडनी धड असेल तर रक्तातलं प्रमाण अडीच-तीन तासांत निम्म्यावर येतं. किडनी जवळपास बंद असलेल्या माणसात त्याच कामाला सुमारे १४ तास लागतात. आठ तासांनी पुढची गोळी पडते, तेव्हा आधीची निम्मीही गेलेली नसते.

आजींच्या फाइलमध्ये आठ महिन्यांपूर्वीचं क्रिअ‍ॅटिनिन होतं: १.३. (किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा; किडनी थकली की तो साचतो.) ‘जरासं वर’ म्हणून मी पान उलटलं. तिथे एक मिनिट खर्चून गणित केलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं. १४० मधून वय वजा करायचं, वजनाने गुणायचं, ७२ गुणिले क्रिअ‍ॅटिनिनने भागायचं, बाईमाणूस असेल तर ०.८५ ने गुणायचं. ६६ गुणिले ४४, भागिले ९३.६, गुणिले ०.८५. उत्तर येतं: किडनी मिनिटाला सुमारे २६ मिलिलिटर रक्त साफ करते. क्रिअ‍ॅटिनिन स्नायूंतून तयार होतं; ४४ किलोच्या म्हाताऱ्या बाईत स्नायूच थोडे, म्हणून किडनी अर्ध्याहून जास्त गेली तरी आकडा १.३ वरच गोड दिसतो. ७० किलोच्या तरुणात हाच आकडा वेगळी गोष्ट सांगतो.

व्हॅलासायक्लोव्हिरच्या माहितीपत्रकात नागिणीसाठी पायऱ्या स्पष्ट आहेत. ५० किंवा वर असेल तर १ ग्रॅम दर आठ तासांनी. ३० ते ४९ असेल तर दर १२ तासांनी. १० ते २९ असेल तर २४ तासांत एकदाच. १० च्या खाली ५०० मिलिग्रॅम, २४ तासांत एकदा. आजी तिसऱ्या पायरीवर होत्या. मी त्यांना पहिल्या पायरीचा डोस लिहिला, म्हणजे हवा त्याच्या तिप्पट. प्रिगॅबॅलिनही किडनीवाटेच जाते, तिचाही डोस या वजनाला आणि या किडनीला जास्त होता.

आणि एक प्रश्न विचारला नाही: दुखण्यासाठी आधीपासून काही घेताय का? असेक्लोफेनॅक चालूच राहिली.

बिघाड

पहिल्या दिवशी दुपारपासून दोन गोळ्या गेल्या, दुसऱ्या दिवशी तीन. तिसरा दिवस हरतालिकेचा, इकडे म्हणतात तशी तय. आजोबा हयात, तेव्हा आजींनी पन्नासहून जास्त वर्षांत हा उपास मोडलेला नाही, आणि तो निर्जळी. औषधाने उपास मोडत नाही असं त्यांनीच ठरवून तिन्ही गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घेतल्या. रक्तदाबाच्या गोळीतलं लघवीचं औषध आणि टेल्मिसार्टन, वेदनाशामक आणि दिवसभर पाणी नाही. किडनीला कोरडं पाडायला यातल्या प्रत्येकाने आपापला हात लावला.

त्या संध्याकाळी पूजेचं ताट त्यांच्या हातात थरथरलं. सुनेने ते पाहिलं, पण दिवसभराच्या उपासाने असेल म्हणून सोडून दिलं. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

चौथा दिवस चतुर्थीचा. दुपारी आजी गणपतीसमोर बसून वर माटोळीकडे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-वेलींच्या सजावटीकडे बघत हसत होत्या. मग म्हणाल्या, नारळ खाली उतरताहेत, धरा. मग वेलीला पाय फुटले. संध्याकाळी हातपाय मधूनच झटका बसल्यासारखे उडू लागले, बोलणं अडखळू लागलं. रात्री सुनेने पेज भरवायला घेतली, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “मला कशाला भरवतेस? मी दुपारीच गेले. मेलेल्या माणसाला जेवू घालतात काय?”

घर पाहुण्यांनी भरलेलं. ‘नागिणीची तोंडं मिळाली’ हे कुणीतरी बोललंच. एका नातलगाने घाडीला, म्हणजे मंत्र-उतारे करणाऱ्याला आणायची तयारी केली. नातीने आजींचं पोलकं वर करून फोडांचा पट्टा बघितला आणि सगळ्यांना दाखवला: पाठीच्या मध्याशी थांबलेला, पुढे पोटाच्या मध्याशी थांबलेला. तोंडं मिळालेली नव्हती. मग तिने मला फोन लावला. वाणिज्य शाखेत शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी. त्या रात्री त्या घरात वैद्यकीय तपासणी म्हणावी अशी गोष्ट तिनेच केली.

फोनवरचा निर्णय

रात्रीचे नऊ. माझ्याही घरी आरती चालू होती. मुलीने सांगितलं: भ्रम, झटके, ताप नाही. माझ्या डोक्यात पहिला शब्द आला तो मेंदूज्वर. हा विषाणू क्वचित मेंदूपर्यंत पोचतो आणि पोचला तर प्राणावर बेततं. म्हणून १०८ ची रुग्णवाहिका बोलवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या, असं सांगितलं. ते बरोबर होतं. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या, हेही सांगितलं. तेही बरोबर.

मग तिने विचारलं, “रात्रीची गोळी राहिलीय, ती द्यायची का डॉक्टर?”

मी म्हटलं, द्या, चुकवू नका.

ती अकरावी गोळी. चार दिवसांत अकरा ग्रॅम. त्यांच्या किडनीला झेपले असते ते चार. विषाणू मेंदूत शिरला असं एकदा डोक्यात बसलं की विषाणूचं औषध हेच कारण असेल, हा विचार मनाला शिवतच नाही. जे औषध लागू पडत नाही असं वाटतं, ते माणूस आणखी जोर लावून देतो.

समोरचे पर्याय

रुग्णालयात रात्री ड्यूटीवर निवासी डॉक्टर होती, वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला. पुढचं बरंचसं मला तिच्याकडून आणि नंतर केसपेपरवरून कळलं. तिने पिशवी गादीवर ओतली, रिकामे कप्पे मोजले आणि मुलाला पहिला प्रश्न विचारला तो किडनीबद्दल. लघवी कधी झाली? सकाळी, थोडीशी.

तपासण्या: साखर १४२, सोडियम ठीक, पोटॅशियम ५.६, क्रिअ‍ॅटिनिन ३.४. ताप नाही, मान ताठ नाही, एका बाजूचा हात-पाय लुळा नाही. मेंदूचा सीटी स्कॅन वयाला शोभेल असा. आजी मधूनच सांगत होत्या की इथेही आपल्याला उगाच आणलं, सरणाची तयारी करा.

आता दोन शक्यता समोरासमोर होत्या आणि अडचण अशी की दोन्हींचे उपचार एकमेकांच्या नेमके उलट. मेंदूज्वर असेल तर असायक्लोव्हिर शिरेतून द्यायची, किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे यांना ४४० मिलिग्रॅम, धड किडनीत दर आठ तासांनी, यांच्यात २४ तासांत एकदा. औषधाचा विषार असेल तर हेच औषध ताबडतोब थांबवायचं. एका निदानाची संजीवनी दुसऱ्याचं विष. चुकलं तर दोन्हीकडे किंमत माणसाच्या मेंदूने भरायची.

पहिला पर्याय बहुतेक जण घेतात तो: शंका आहे तोवर शिरेतून असायक्लोव्हिर चालू ठेवा. मेंदूज्वरात उशीर झाला तर भरून येत नाही, म्हणून हा नियम झाला आहे आणि एरवी तो योग्यच आहे. मध्यरात्रीच्या ऑर्डरमध्ये तो लिहिलाही गेला होता. परिचारिकेने औषध काढून ठेवलं होतं.

दुसरा पर्याय: औषध थांबवा, पाठीतलं पाणी काढून तपासा, सलाइन द्या आणि बघा.

तिसरा: थांबवा आणि डायलिसिसने औषध बाहेर काढा.

वरिष्ठ डॉक्टर रात्री एकच्या सुमाराला आले. त्यांनी जो मुद्दा मांडला तो मला आजही या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. ते म्हणाले, आत्ता औषध थांबवलं तरी या बाईंच्या अंगातून औषध जाणार आहे कुठे? अकरा ग्रॅम गेलेत, किडनी चालत नाही. उद्या रात्रीपर्यंत रक्तात भरपूर असायक्लोव्हिर राहणारच. मेंदूज्वर असलाच, तर औषध त्याच्यावर काम करतंच आहे. म्हणजे थांबून बघायला आपल्याकडे एक दिवस फुकटचा आहे. नवा डोस दिला, तर विषार असल्यास त्यात भर, आणि मेंदूज्वर असल्यास फारसा फायदा नाही.

हे ऐकलं तेव्हा दोन उलट्या वाटा एकदम समांतर झाल्या. घाईचा निर्णय आणि सावधपणाचा निर्णय एकच ठरला. ऑर्डर खोडली गेली.

विषाराकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी आणखीही होत्या. औषध सुरू झाल्यापासून तिसऱ्या दिवशी थरथर, ताप नाही, मान ताठ नाही, हातपाय उडणं, आणि ‘मी मेले आहे’ हा ठाम विश्वास. या भ्रमाचं वर्णन फ्रेंच मज्जातज्ज्ञ ज्यूल कोटार यांनी १८८० मध्ये केलं आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. एरवी तो खोल नैराश्यात किंवा मेंदूच्या आजारात दिसतो. पण किडनी निकामी असलेल्या आणि असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर घेतलेल्या रुग्णांतही त्याची नोंद झालेली आहे. अशा रुग्णांच्या रक्तात आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात औषधाचं एक चयापचयित रूप, सीएमएमजी, बरंच वाढलेलं आढळतं. चोराला धरणारं औषध घराला हात लावत नाही हे खरं, पण त्याचा कचरा साचला तर घर बिघडतं. विषाणू असो वा नसो.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. नागिणीची तोंडं मिळाली की मरण, असं आयुष्यभर ऐकलेल्या बाईला औषधाच्या विषारात नेमकं तेच वाटावं, यात तिच्या समजुतीचा वाटा किती आणि रसायनाचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. पण घरच्यांनी ते वाक्य शकून म्हणून ऐकलं आणि निवासी डॉक्टरने लक्षण म्हणून. फरक तिथे पडला.

केलेली कृती

पाठीतून पाणी काढायला आजोबा तयार नव्हते. पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो, हे त्यांनी ऐकलेलं. निवासी डॉक्टरने वाद घातला नाही. सुई कुठे जाते, मज्जारज्जू त्याच्या वर कुठे संपतो, हे स्वतःच्या पाठीवर बोट ठेवून दाखवलं आणि विचारलं, “आजोबा, ही तपासणी नाही केली तर उद्या मी तुम्हाला फक्त अंदाज सांगू शकेन. चालेल का?” अर्ध्या तासाने अंगठा उठला.

पाणी नितळ निघालं. पेशी ३, प्रथिनं किंचित वर, साखर प्रमाणात. साध्या नागिणीतही या पाण्यात कधी कधी पेशी वाढलेल्या सापडतात, त्यामुळे उलट निकाल आला असता तर गोंधळ वाढला असता. इथे मात्र कल स्पष्ट झाला. विषाणूच्या पीसीआरसाठी, म्हणजे पाण्यात विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी, नमुना बाहेर गेला. त्याचा निकाल यायला दिवस लागणार होते आणि त्याची वाट बघत निर्णय अडवायचा नाही, हे ठरलं.

व्हॅलासायक्लोव्हिर, प्रिगॅबॅलिन, असेक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध, पाचही बंद. सलाइन जपून. सकाळी किडनीतज्ज्ञांनी पाहिलं, तेव्हा रात्रभरात लघवी २०० मिलिलिटर झालेली आणि क्रिअ‍ॅटिनिन ३.६. सलाइनवर किडनी हळूहळू उठली असती असा एक मतप्रवाह होता आणि तो चुकीचा नव्हता. औषध थांबवून काही दिवसांत असे रुग्ण बरे होतात. पण तेवढे दिवस भ्रमात, झटके येत, गिळताना ठसका लागत पडून राहणं या वयात धोक्याचं. डायलिसिसच्या चार तासांच्या एका फेरीत शरीरातल्या असायक्लोव्हिरचा साधारण तिसरा हिस्सा निघतो. दोन दिवसांत दोन फेऱ्या करायच्या ठरल्या.

घरच्यांचा धसका वेगळाच: “एकदा मशीन लागलं की कायमचं लागतं ना?” किडनीतज्ज्ञांचं उत्तर मी तेव्हापासून वापरतो. ते म्हणाले, विहिरीत काहीतरी पडलंय म्हणून पंप लावून उपसतोय. विहीर आटली म्हणून टँकर मागवत नाही.

परिणाम

पहिल्या फेरीनंतर आजी गाढ झोपल्या, कितीतरी तासांनी पहिल्यांदा. हातपाय उडणं कमी झालं. दुसऱ्या फेरीनंतरच्या सकाळी डोळे उघडले आणि सुनेला विचारलं, “माटोळी कोणी उतरवली?” दीड दिवसाचा गणपती त्या रुग्णालयात असतानाच विसर्जन झाला होता. त्या प्रश्नावर सून रडली. केसपेपरवर त्या दिवशीची नोंद एवढीच: वेळ, स्थळ, व्यक्ती यांचं भान आहे.

पीसीआर पाचव्या दिवशी आला, विषाणू आढळला नाही. नवे फोड येणं थांबलेलं होतं, खपल्या धरू लागल्या होत्या, म्हणून विषाणूवरची गोळी पुन्हा सुरू केली नाही. यावर चर्चा झाली होती. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असते, तर डोळ्याला धोका म्हणून निर्णय कदाचित उलटा झाला असता आणि किडनीला झेपेल त्या डोसात गोळी चालू ठेवली असती.

आठव्या दिवशी घरी. क्रिअ‍ॅटिनिन १.७, महिन्याने १.४. पट्ट्यातली जळजळ मात्र तीन महिने राहिली. प्रिगॅबॅलिन रात्री फक्त २५ मिलिग्रॅम, तेवढ्यावर निभावलं. उपचार अर्धवट राहिल्याने दुखणं लांबलं का, हे या एका रुग्णावरून सांगता येणार नाही.

एक धागा सुटलेलाच आहे. प्रिगॅबॅलिन साचली तरी गुंगी, भ्रम आणि हातपाय उडणं होतं, आणि तीही डायलिसिसने निघते. कोणत्या गोळीने किती बिघडवलं हे वाटून दाखवता येत नाही. मृत्यूचा भ्रम पाहून मी मोठा वाटा व्हॅलासायक्लोव्हिरला देतो, पण शपथेवर सांगणार नाही. दोन्ही चिठ्ठीवर मीच लिहिल्या होत्या, तेव्हा माझ्या बाजूने फरक पडत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, औषध बदलून सुटका नव्हती. हे मुद्दाम लिहितो, कारण ही गोष्ट ऐकल्यावर एका मित्राने विचारलं, मग किडनीला सुरक्षित अशी दुसरी गोळी कोणती? असायक्लोव्हिर किडनीवाटेच जाते, फॅमसायक्लोव्हिरचं सक्रिय रूपही किडनीवाटेच. सुरक्षित असतो तो डोस. क्रीम लावून भागवावं, तर नागिणीवर त्याचा उपयोग नाही; ओठावरच्या तापाच्या फोडांसाठीची ट्यूब बरगडीवर चोळून पैसे तेवढे जातात. दुसऱ्या एका परिचितांनी तर घाबरून सगळ्याच म्हाताऱ्यांना अर्धामुर्धा डोस लिहायला सुरुवात केली. ती दुसऱ्या बाजूची चूक. किडनी धड असलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाला कमी डोस देणं म्हणजे दुखणं त्याच्या गळ्यात बांधून घरी पाठवणं. वयाकडे बघून कापायचं नसतं, आकडा काढून कापायचं असतं.

ताजं क्रिअ‍ॅटिनिन मागवून निकाल येईपर्यंत थांबायचं का? नाही. पहिली गोळी त्याच वेळी द्यायची, एक गोळी कुणाला मारत नाही, आणि ७२ तासांची खिडकी महत्त्वाची. रक्त त्याच दिवशी काढायचं आणि पुढच्या गोळ्या निकालावर ठरवायच्या. माझ्याकडे तर जुना आकडा होताच आणि तो पुरेसा होता. आता टेबलाच्या काचेखाली चार ओळींचा कागद आहे: व्हॅलासायक्लोव्हिरच्या पायऱ्या. नवखा डॉक्टर हसेल, हसू दे.

उपासाबद्दल विचारायला हवं होतं. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. तिथे ‘भरपूर पाणी प्या’ असतं. पण चतुर्थीच्या आठवड्यात समोर ७४ वर्षांची सौभाग्यवती बसली आहे, परवा तय आहे, आणि तिला भरपूर पाणी प्या म्हणून सोडायचं, हा कॅलेंडर न बघण्याचा प्रकार झाला. इथल्या डॉक्टरला पंचांग ठाऊक असायला हवं.

दुखण्याच्या गोळीचंही तसंच. ‘काही औषधं चालू आहेत का’ असं विचारलं की माणसं साखरेची, रक्तदाबाची सांगतात. बाजारातून आणलेली दुखण्याची गोळी त्यांच्या लेखी औषध नसतेच. तिचं नाव घेऊन, पाकिटाचा रंग सांगून विचारावं लागतं.

आणि फोनवर रात्रीची गोळी द्या म्हटलं ते. त्या क्षणी मला निदान कळायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण नवं औषध सुरू झाल्यावर चार दिवसांत माणसाचं डोकं फिरलं, तर रुग्णालयात पोचेपर्यंत ते औषध थांबवणं यात गमवण्यासारखं काही नव्हतं. थांबवलेली गोळी दोन तासांनी देता येते.

नागिणीची लस भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीनंतर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे. आजोबांना ती द्यावी असं मी सुचवलं, मुलाने ती आणून दिली. आजींनाही पुढे देता येईल, पण त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

त्यांच्या मते त्यांची नागीण काव लावणाऱ्या बाईनेच उतरवली. दोतोराच्या गोळ्यांनी त्या मेल्या आणि मशीनने परत आणल्या. या कहाणीतला पहिला भाग सोडला तर मला खोडून काढण्यासारखं फार काही नाही. यंदा तयेच्या आठवडाभर आधी त्या रक्त तपासून आल्या, क्रिअ‍ॅटिनिन १.४. उपास करायचा का, असा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्या दिवशी लघवीची गोळी घ्यायची की नाही, एवढंच विचारलं.